घरातले हळवे माणूस

दारात मांडव घातलेला आहे. बँडवाले आले आहेत. कर्ण्यावर गाणी लागली आहेत, परड्यात चुलवणावर बुंदी पडते आहे, पाहुण्यांची रीघ लागली आहे. सगळे घर आनंदात आहे आणि नेमका घरातला आठ वर्षांचा पोरगा कुठे दिसत नाही. शोधाशोध होते. शेवटी तो सापडतो गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, कानांत बोटे घालून बसलेला. “काय रं, हितं का बसलायस?” असे विचारले तर डोळ्यांत टचकन पाणी. मग कुणी चुलता हसत म्हणतो, “ह्येला बांगड्या भरा रं!” सगळे हसतात. पोरगा आणखी मिटून जातो.

दुसऱ्या घरात नवी सून आहे. सासूबाई जेवताना सहज म्हणाल्या, “आज आमटी जरा खारट झाली बघ.” बोलून त्या विसरूनही गेल्या. सून मात्र रात्रभर कूस बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंना नवल वाटले, “मी असं काय बोलले गं?”

तिसऱ्या घरात कर्ता पुरुषच असा आहे. म्हातारा बैल बाजारात न्यायचा म्हटले की दोन दिवस त्याला घास गिळत नाही. भावकीच्या बैठकीत आवाज चढले की त्याच्या हातापायांना कापरे भरते. बाजू खरी असूनही तो गप्प बसतो. घरी आल्यावर मात्र ‘हे बोलायला हवे होते, ते बोलायला हवे होते’ असे रात्रभर मनात घोळवत बसतो.

वाचकहो, यातले कुणी तुमच्या घरात आहे का? की खरे सांगायचे तर ते माणूस तुम्हीच आहात? आपल्याकडे अशांना हळवा म्हणतात, लाजाळूचे झाड म्हणतात, मनाला लावून घेणारा म्हणतात, मुलगा असला तर बायल्या म्हणूनही हिणवतात. ही नावे लहानपणी एकदा चिकटली की जन्मभर सुटत नाहीत. ज्याला ती चिकटतात तो स्वतःही मानू लागतो की आपल्यातच काहीतरी कमी आहे. पण तसे खरोखर आहे का, याचा विचार आपण कधी केला आहे का?

मुळात घडणच तशी

या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या एलेन ॲरॉन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. १९९६ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि पुढल्याच वर्षी आपले पती आर्थर ॲरॉन यांच्यासह शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काही माणसांची घडणच अशी असते की आवाज, उजेड, वास, गर्दी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव, बोलण्यातला सूर हे सगळे त्यांच्या मनापर्यंत इतरांपेक्षा जास्त खोल पोहोचते. दुसऱ्याच्या लक्षातही न येणारी गोष्ट त्यांना आधी दिसते. ते तिचा विचारही जास्त वेळ करतात. साहजिकच ते लवकर थकतात आणि लवकर भरून येतात.

अशी माणसे किती असावीत? ॲरॉनबाईंनी सुरुवातीला शंभरात पंधरा ते वीस असा अंदाज दिला. पुढे मायकेल प्लुएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासात लोकांचे तीन गट पडले. शंभरात सुमारे तीस फार संवेदनशील, चाळीस मधले आणि तीस कमी संवेदनशील. रक्त तपासून कळावा असा हा गुण नाही. प्रश्न विचारून तो ठरवतात, म्हणून आकडा थोडा मागेपुढे होतो. पण दहा माणसांच्या खटल्यात असे एक-दोन जण तरी निघणार, हे धरून चालावे. जुळ्या भावंडांचा अभ्यास २०२० साली झाला. त्यात असे दिसले की माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण निम्मा भाग जन्मजात असतो आणि उरलेला वातावरणातून येतो.

म्हणजे हा आजार नाही, कुणाची खोडही नाही. हळवी माणसे बायकांत असतात तशीच पुरुषांतही असतात. फरक इतकाच की मुलीचे डोळे भरले तर आपण पदराने पुसतो आणि मुलाचे भरले तर हसतो. म्हणून पुरुष ते लपवायला शिकतो आणि आत कुढत राहतो.

बाजरी आणि द्राक्षबाग

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. माण-खटावच्या माळावर बाजरी येते. पाऊस दोन आठवडे लांबला तरी ती तग धरते, फार लाड मागत नाही. आणि तासगाव भागातली द्राक्षबाग पाहा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, त्यानंतर रोज पानावर नजर. फुलोऱ्यात पाऊस आला की घड गळतात, ढगाळ दमट हवा राहिली की डावणी उतरते, मणी पिकत आल्यावर अवकाळी सर आली की मणी तडकतात. म्हणून कुणी द्राक्षाच्या वेलीला ‘नाजूक, नादान, बाजरीसारखी का वागत नाहीस?’ असे म्हणतो का? नाही. तिचे गणित वेगळे आहे हे आपण जाणतो. वाईट हवेत तिचे नुकसान जास्त, पण नीट निगा राखली तर तिचे मोलही तेवढेच जास्त.

माणसाच्या बाबतीतही अभ्यासकांना नेमके हेच आढळले आहे. हळवे मूल टाकून बोलणाऱ्या, भांडणाच्या घरात वाढले तर ते इतरांपेक्षा जास्त कोमेजते. तेच मूल समजुतीच्या घरात वाढले तर इतरांपेक्षा जास्त फुलते. इंग्लंडमधील एका गरीब वस्तीतल्या शाळेत सुमारे अकरा वर्षांच्या मुलींना मन खंबीर कसे ठेवावे याचे धडे दिले गेले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. कमी संवेदनशील मुलींना त्या धड्यांचा विशेष उपयोग झालेला दिसला नाही. उलट ज्या हळव्या होत्या त्यांचीच उदासी कमी झाली. चांगल्या शब्दाचे खतपाणी त्यांनाच अधिक लागू पडले.

आणखी एक दाखला आपल्या मुलखातलाच. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथे खिलार खोंड पारखणारे जुने जाणते सांगतील, खिलार म्हणजे चपळ आणि कानाचे तिखट जनावर. त्याला कासऱ्याची नुसती हालचाल पुरते. अशा बैलावर जो उठसूट चाबूक ओढतो त्याचा बैल बुजतो, आणि बुजलेला बैल पुन्हा कामाला लावायला फार दिवस जातात. मग घरातल्या पोराला आवाज चढवताना ही पारख आपण कुठे ठेवून येतो?

आधी कोणाच्या लक्षात येते?

हळव्या माणसाचा घराला उपयोग काय, असेही कुणी विचारील. तर जरा आठवून पाहा. गाय चारा टाकते आहे, तिचे डोळे आज वेगळे दिसतात, हे गोठ्यात सगळ्यांत आधी कोण म्हणाले होते? पानावरचा तेलकट डाग पहिल्यांदा कोणी दाखवला होता? म्हातारी ‘मला काय झालं न्हाय’ म्हणत असताना तिला बरे नाही हे कोणी ओळखले? दोघा भावांत अजून शब्दही झाला नव्हता, तेव्हा ‘काहीतरी बिनसलंय’ असे कोण बोलले? बहुधा तेच माणूस, ज्याला तुम्ही हळवे म्हणता. आजारी माणसाची सेवा, लहान पोरांचे शिकवणे, जनावरांची देखभाल, बारीक नजरेचे काम यात ही माणसे उजवी ठरतात. मात्र त्यांना दम खायला वेळ मिळायला हवा.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. त्यातल्या श्यामच्या डोळ्यांना पाणी यायला वेळ लागत नाही. आई प्रसंगी कठोर होते, पण त्याचे हळवेपण मोडून काढत नाही, त्याला वळण देते. ज्याला दुसऱ्याचे दुःख इतके लागते तो माणूस दुबळाच असतो असे नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसलेले साने गुरुजीच होते. आणि याच गुरुजींनी १९५० साली आपले जीवन आपल्या हाताने संपवले, हेही विसरून चालणार नाही. साऱ्या जगाचे दुःख उरावर घेणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये, हाच त्यातून घ्यायचा धडा.

ओझे कशाकशाचे होते?

हळव्या माणसाला मोठ्या संकटापेक्षा रोजचा मारा जास्त दमवतो. उसाच्या हंगामात रात्री कर्णे लावून जाणारे ट्रॅक्टर, वरातीतला छातीत धडधडणारा आवाज, यात्रेची गर्दी, एका खोलीत दहा माणसे, सतत चालू असलेला टीव्ही, त्यात मोबाइलवर आलेली अपघाताची चित्रे. आणि सर्वांत जास्त दमवते ती जीभ. टोमणा, तुलना, चारचौघांत केलेली थट्टा.

त्यात आपल्या जिल्ह्यांनी काही मोठे घावही सोसले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप अनुभवलेली म्हातारी माणसे अजून आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. पूर ओसरला, घरे धुतली गेली, पंचनामे झाले. पण पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की ज्यांच्या छातीत अजून धडधडते, ज्यांना झोप लागत नाही, अशी माणसे काठच्या गावांत आहेत. त्यांना ‘आता कशाला भितोस?’ असे विचारून काही होत नाही. शेजारी बसून, ‘आज पाणी किती फुटांवर आहे ते बघू,’ असे म्हटले तर होते. खरी माहिती आणि जवळचे माणूस, या दोन गोष्टींनी भीती ओसरते.

तुम्ही स्वतः हळवे असाल तर

पहिली गोष्ट, स्वतःला बोल लावणे सोडा. उंची जशी बदलता येत नाही तशी ही घडणही मुळापासून बदलत नाही. बदलता येते ते तिच्यावरचे ओझे.

दिवसातला अर्धा तास आपला ठेवा. बांधावर बसा, नदीच्या घाटावर जा, गोठ्यात जनावरांजवळ बसा, नाहीतर देवघरात. तिथे मोबाइल नको आणि कुणाशी बोलणेही नको. हा आळस नाही. बैलालाही दुपारी सावलीला सोडावे लागते.

लग्न असो की यात्रा, जाऊच नये असे नाही. पालच्या खंडोबाला जायचे तर पहाटे लवकर निघा, दर्शन घ्या, भर गर्दी व्हायच्या आत बाजूला व्हा. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या आणि दुसऱ्या दिवशी जड काम ठेवू नका. मांडवात जीव घाबरला तर भांडी मोजायचे, पाणी भरायचे असे काही बाजूचे काम हाती घ्या. कामही होते आणि चार श्वास मोकळे मिळतात.

झोपेला जपा. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की दारे धरण्यात रात्र जाते. अशा आठवड्यात दुपारची झोप चुकवू नका. जागरण झालेले हळवे मन दुप्पट लवकर दुखावते. चहाचेही तसेच. रात्री झोप येत नसेल तर दुपारनंतरचा चहा बंद करून पाहा.

कुणी रागाने किंवा घाईने काही मागितले, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. ‘उद्या सांगतो’ हे औषधाइतके गुणकारी वाक्य आहे. भावकीच्या बैठकीला जाण्याआधी आपले दोन मुद्दे कागदावर लिहून खिशात ठेवा. आवाज चढले की डोक्यातले विसरते, कागदावरचे विसरत नाही.

आणि दुःख ऐकताना मनाशी विचारा, ‘हे माझे आहे की त्यांचे?’ शेजारणीचे दुःख ऐकून घ्या, जमेल ती मदत करा, पण ते उशाला घेऊन झोपू नका. हातातली बादली भरली की आपण नळ बंद करतोच ना?

घरच्यांनी काय करावे?

आईवडिलांनो, पहिले काम नावे ठेवणे थांबवण्याचे. रडका, भित्रा, बायल्या हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. पाहुणे येणार, दवाखान्यात सुई टोचणार, नव्या शाळेत जायचे, असे काही असले तर मुलाला आधी सांगा. काय होईल, किती वेळ लागेल, तू कुठे बसशील हे कळले की त्याची निम्मी भीती जाते.

पण म्हणून त्याला पदराखालीही झाकू नका. विहिरीला भिणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी वरून ढकलायचे नसते आणि कायम काठावरही बसवायचे नसते. आधी पायरीवर, मग कमरेला भोपळा किंवा डबा बांधून, मग हाताला धरून. पायरी पायरीने गेलेले हळवे मूल शेवटी तितकेच लांब पोहते.

चूक झाली तर एकटे घेऊन, हळू आवाजात सांगा. त्याला तेवढे पुरते. चारचौघांत ओरडलात तर त्याला ओरडणे लक्षात राहते आणि चूक विसरते.

सासूबाईंनो, आमटी खारट झाली हे जरूर सांगा. पण त्याच्यापुढे एवढे जोडा, “पण भाकरी बेस झालीया बघ.” आणि सूनबाई, तुम्हीही एक करा. मनात रात्रभर घोळवण्यापेक्षा सकाळी सरळ विचारा, “आत्याबाई, काल तुम्ही रागावला होता का?” दहांत नऊ वेळा उत्तर येईल, “कशापायी गं?” आणि एका रात्रीचे ओझे एका वाक्यात उतरेल.

एका गावाने केलेली गोष्ट

घराने करायचे तसे गावानेही काही करता येते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आल्या आणि पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना. तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने बायकांची सभा घेऊन एक निर्णय केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. पुन्हा भोंगा साडेआठला. मधला दीड तास मुलांचा अभ्यास आणि घरच्यांचे बोलणे. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी दारोदार फिरून ते पाळायला लावले. सरकारचा हुकूम नव्हता, दंड नव्हता. या उपक्रमाची बातमी देशाबाहेरही गेली.

हा निर्णय मुलांच्या अभ्यासासाठी झाला. पण विचार करा, असा दीड तास रोज मिळाला तर घरातल्या हळव्या जीवाला तो केवढा विसावा! तुमच्या गावाने नाही केले तर तुमच्या घराने करावे. भोंग्याची गरज नाही, दिवेलागण हाच भोंगा समजावा. आणि आवाजाबद्दल कायदाही आहे बरे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत कर्णा लावायला मनाई आहे. सणासुदीचे मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते, तेवढाच अपवाद. ग्रामसभेत हा विषय मांडायला लाजू नका. तान्ही बाळे, आजारी माणसे, परीक्षेची मुले सगळ्यांचेच त्यात भले आहे.

हळवेपणा कोणता, आजार कोणता?

इथे एक इशारा द्यायलाच हवा. हळवेपणा हा आजार नाही, पण हळव्या माणसालाही आजार होऊ शकतो. हळवे माणूस दुखावते तसे सावरतेही. एखाद्या शांत दिवसानंतर ते पुन्हा हसते, कामाला लागते. पण दोन आठवडे उलटून गेले तरी मन उदासच, झोप नाही, अन्नावर वासना नाही, आवडत्या कामातही जीव रमत नाही, ‘मी नसलो तर बरं होईल’ असे शब्द तोंडी येतात, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. हे दुखणे आहे आणि त्याला औषधोपचार आहे. डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. घरबसल्या बोलायचे तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे. २०२२ साली तो सुरू झाला. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो रात्रंदिवस चालू असतो. अशा दिवसांत त्या माणसाला एकटे ठेवू नका, आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. ही खबरदारी तर प्रत्येक शेतकरी घराने एरवीही घ्यावी.

असो. आता पुन्हा त्या गंजीमागच्या पोराकडे जाऊ. पुढच्या लग्नात तो तिथे सापडला तर हसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. “आवाज लई व्हतोय न्हवं? बस जरा. थांबला की दोघं मिळून बुंदी खायला जाऊ,” एवढेच म्हणा. तो उठेल, तुमचे बोट धरेल आणि मांडवात येईल. आणि उद्या तुम्ही म्हातारे झाल्यावर, न बोलता तुमच्या कपाळाला हात लावून ‘आण्णा, आज बरं न्हाय न्हवं तुमाला?’ असे विचारणारा बहुधा हाच असेल.